जेम्स समनर : एका हाताने उकललेले विकराचे रहस्य

आमच्या विद्यालयाच्या स्मरणिकेत चरित्रलेख लिहावयाचा म्हटले की तथागत बुद्ध, महात्मा फुले, सावित्रीमाई, राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब ही नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात, आणि ती यावीत हेच योग्य. या वेळी मात्र आम्ही एका दूरदेशीच्या रसायनशास्त्रज्ञाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. जेम्स बॅचेलर समनर हे त्यांचे नाव. रसायनशास्त्राच्या १९४६ सालच्या नोबेल पारितोषिकाचे ते मानकरी. आपल्या शरीरातील, वनस्पतींतील आणि सूक्ष्म जंतूंतील रासायनिक कामे ज्यांच्यामुळे वेगाने चालतात ती विकरे, म्हणजे बोलीभाषेतील एन्झाइम, नेमकी कशाची बनलेली असतात, या प्रश्नाचे पहिले पुराव्यानिशी उत्तर त्यांनी दिले.

हे नाव निवडण्यामागे दोन कारणे आहेत. ज्या विषयात त्यांनी पुढे एवढे मोठे कार्य केले, तो विषय त्यांच्यासाठी नाही असे त्यांना त्यांच्याच गुरूंनी सांगितले होते, हे पहिले कारण. दुसरे असे की, त्यांच्या शोधाने एका फार जुन्या प्रश्नाला स्पर्श केला: कार्य घडते तेव्हा त्या कार्यामागे वेगळा असा कोणी कर्ता लपलेला असतो काय? आम्ही इतिहासाचे शिक्षक. रसायनशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि या दोन्ही गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांच्या आणि धम्मबांधवांच्या जिव्हाळ्याच्या आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

समनर यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८८७ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, कँटन या गावी झाला. घराणे सधन होते. सतराव्या शतकात इंग्लंडहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांपैकी ते एक. घरी मोठी शेतीवाडी होती आणि आप्तांचे कापडाचे कारखाने होते. हे आम्ही मुद्दाम आरंभीच सांगतो, कारण समनर यांच्या वाट्याला आलेला नकार आणि आमच्या पूर्वजांच्या वाट्याला आलेला बहिष्कार यांची तुलना होऊ शकत नाही. त्यांना पाणवठा बंद नव्हता, शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले नव्हते. त्यांच्यावरील आघात शरीरावरचा होता, जन्मावरचा नव्हता. परंतु माणसाची योग्यता त्याचे काम पाहण्यापूर्वीच ठरवून टाकण्याची खोड मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

बॉस्टनजवळच्या रॉक्सबरी लॅटिन स्कूलमध्ये शिकत असताना पदार्थविज्ञान आणि रसायन सोडले तर त्यांचे मन कोणत्याही विषयात रमत नसे. बंदुका आणि शिकार यांचा मात्र भारी नाद. हाच नाद त्यांना भोवला. वयाच्या सतराव्या वर्षी रानपक्ष्यांच्या शिकारीस गेले असता सोबत्याच्या बंदुकीची गोळी चुकून त्यांच्या डाव्या हाताला लागली आणि तो हात कोपराच्या खाली कापावा लागला. समनर हे जन्माचे डावखुरे. म्हणजे केवळ एक हात गेला असे नव्हे, तर लिहिणारा, काम करणारा हातच गेला. उरलेल्या उजव्या हाताला त्यांनी सारे नव्याने शिकविले. लिहिणे तर खरेच, पण टेनिस, बर्फावरील घसरखेळ, बिलियर्ड्स आणि नेमबाजी यांतही त्यांनी एका हाताने प्रावीण्य मिळविले. पुढे प्राध्यापक झाल्यावर सहकारी प्राध्यापकांच्या टेनिस स्पर्धेत त्यांनी बक्षीसही पटकाविले.

१९०६ साली ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले. आरंभी विद्युत अभियांत्रिकी घेतली, ती लवकरच सोडून रसायनाकडे वळले आणि १९१० साली पदवीधर झाले. काही काळ चुलत्यांच्या कापड कारखान्यात काम, मग कॅनडातील एका महाविद्यालयात आणि नंतर वुस्टर येथील तंत्रसंस्थेत अध्यापन, असा प्रवास करून १९१२ साली ते जीवरसायन शिकण्यासाठी पुन्हा हार्वर्डला आले. तेथे ऑटो फोलिन हे ख्यातनाम प्राध्यापक होते. रक्त आणि लघवी यांतील युरियासारखे घटक मोजण्याच्या पद्धती बसविण्यात त्यांचा हातखंडा होता. एक हात नसलेला हा विद्यार्थी पाहून फोलिन यांनी त्यांना रसायनाचा नाद सोडून कायद्याचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. प्रयोगशाळेत काचेची नळी, चंबू, गाळणी, ज्योत हे सारे एकाच वेळी सांभाळावे लागते. एका हाताच्या माणसाला ते कसे साधणार, असा त्यांचा हिशेब होता.

फोलिन दुष्ट नव्हते. ते स्वतः वयाच्या पंधराव्या वर्षी स्वीडनमधून अमेरिकेत आलेले, कष्टाने वर चढलेले गृहस्थ होते. विद्यार्थ्याचे भले व्हावे म्हणूनच त्यांनी तो सल्ला दिला असणार. येथे आम्हांला, शिक्षक म्हणून, थांबावेसे वाटते. दहावीचा निकाल लागला की वसतिगृहातील मुले-मुली सल्ला विचारावयास येतात. इंग्रजी कच्चे आहे, विज्ञानाचा खर्च घरच्यांना झेपणार नाही, शिकवणी कोठून लावणार, तेव्हा कला शाखा घे, लवकर नोकरीला लाग, असे आम्हीही अनेकांना सांगितले आहे. मायेपोटीच सांगितले आहे. पण मायेपोटी बंद केलेले दारही बंदच असते. आम्हीही अनेकदा फोलिन झालो आहोत, हे येथे कबूल करावयास हवे.

समनर यांनी गुरूंचा सल्ला ऐकून घेतला आणि तो पाळला नाही. भांडण केले नाही, की पुरवणी युक्तिवाद केला नाही. प्रयोगशाळेत काम करून दाखविले. प्राण्यांच्या शरीरात युरिया कसा तयार होतो, या विषयावर प्रबंध लिहून १९१४ साली त्याच फोलिन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर ते युरोपच्या प्रवासाला गेले असता पहिले महायुद्ध भडकले आणि स्वित्झर्लंडमध्ये अडकून पडण्याची वेळ आली. तेथेच त्यांना तार मिळाली: न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात जीवरसायनाचे सहायक प्राध्यापक म्हणून त्यांना बोलावणे आले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे एक योग दिसतो. त्याच वर्षी, त्याच राज्यात, न्यूयॉर्क शहरातील कोलंबिया विद्यापीठात तेवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर ग्रंथालयात दिवसरात्र अध्ययन करीत होते.

आता समनर यांनी हाती घेतलेल्या प्रश्नाकडे वळू. विकरे काय करतात हे तोवर पुष्कळ ठाऊक झाले होते. लाळेतील विकर पिष्टाची साखर करते, जठरातील विकर प्रथिने फोडते, यीस्टमधील विकरे साखरेचे मद्य करतात. प्रत्येक विकराचे काम ठरलेले. एकाचे काम दुसरे करीत नाही. यावरून जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ साली कुलूप आणि किल्लीची उपमा मांडली. विकरामध्ये एक ठरावीक आकाराची जागा असावी आणि त्या आकाराचाच पदार्थ तेथे बसून पालटत असावा, असा त्यांचा तर्क होता. परंतु ते कुलूप कोणत्या धातूचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. शुद्ध स्वरूपातील विकर कोणी पाहिलेलेच नव्हते.

त्या काळी या क्षेत्रातील सर्वांत मोठा अधिकार रिचर्ड विलस्टेटर यांचा होता. वनस्पतींतील हरितद्रव्यावरील कामासाठी १९१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळविलेले हे जर्मन पंडित. त्यांनी विकरे शुद्ध करीत करीत इतकी विरळ द्रावणे मिळविली की त्यांत विकराचे काम तर दिसे, पण प्रथिन असल्याची रासायनिक खूण उमटत नसे. यावरून त्यांनी असे प्रतिपादिले की, विकर म्हणजे प्रथिन नव्हे. प्रथिन हे केवळ वाहन; खरे काम करणारा कोणी निराळा, लहानसा, अज्ञात पदार्थ त्या वाहनावर स्वार झालेला असतो. वास्तविक विकर इतक्या अल्प प्रमाणातही काम करते की तेवढे प्रथिन ओळखण्याची शक्ती त्या वेळच्या चाचण्यांत नव्हती. दोष चाचणीचा होता, पण निष्कर्ष पदार्थाविषयी काढला गेला. आणि तो काढणाऱ्याचा अधिकार मोठा असल्यामुळे तो बहुतेकांनी मान्यही केला.

कॉर्नेलमध्ये समनर यांच्यावर अध्यापनाचा मोठा भार होता. वेळ थोडा, साधने तुटपुंजी, मदतनीस नाहीत, पैसा नाही. अशा स्थितीत लहानसहान दहा कामे करण्यापेक्षा एकच मोठे काम अंगावर घ्यावे, यश आले तर आले, असा निश्चय त्यांनी केला. १९१७ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, एखादे विकर शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याचा ध्यास त्यांनी घेतला. त्यांनी निवडलेले विकर म्हणजे युरिएज. युरियाचे अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करणे हे त्याचे काम. युरिया मोजण्यासाठी हे विकर त्यांच्या परिचयाचे झाले होते, आणि जॅक बीन नावाच्या एका शेंगेच्या दाण्यांत ते विपुल असते हेही ठाऊक होते. ही शेंग म्हणजे आपल्याकडे कुंपणावर चढविल्या जाणाऱ्या अबईची सख्खी बहीणच. दोघी एकाच प्रजातिगटातील. ज्या दाण्याला बाजारात फारशी किंमत नाही, त्याच दाण्याने जीवरसायनाचा इतिहास पालटला.

नऊ वर्षे हे काम चालले. दाण्यांचे पीठ करावयाचे, ते निरनिराळ्या द्रवांत भिजवावयाचे, गाळावयाचे, गाळलेल्या द्रवातून एकेक प्रथिन वेगळे करावयाचे आणि युरियावर कोणाचा परिणाम होतो ते तपासावयाचे. त्यांच्या प्रयोगशाळेत त्या काळी शीतकपाटसुद्धा नव्हते. पिठाचे अर्क भरलेल्या काचेच्या नळ्या ते खिडकीच्या कट्ट्यावर ठेवीत आणि रात्री थंडी पडावी अशी वाट पाहत. मधल्या काळात, १९२१ साली, ब्रसेल्स येथे विकरांवर अनेक ग्रंथ लिहिलेल्या एका तज्ज्ञांकडे जाऊन काम करण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. पण युरिएज वेगळे काढण्याची कल्पनाच त्या तज्ज्ञांना हास्यास्पद वाटली आणि तो बेत फसला. सहकाऱ्यांपैकीही अनेकांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता.

१९२६ साली त्यांनी एक लहानसा बदल केला. आजवर ते पाणी मिसळलेले अल्कोहोल वापरीत होते. त्याऐवजी पाणी मिसळलेले ॲसिटोन घेतले. ३१६ घनसेंटिमीटर ॲसिटोनमध्ये पाणी घालून एक लिटर द्रव केला, त्यात १०० ग्रॅम पीठ कालविले आणि मिश्रण रात्रभर थंडीत गाळत ठेवले. सकाळी गाळलेल्या द्रवाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तो त्यात इवलेसे आठ पैलूंचे स्फटिक चमकताना दिसले. ते वेगळे करून पाण्यात विरघळविले. प्रथिनाची खूण स्पष्ट उमटली, आणि युरियावरील क्रिया तर विलक्षण जोरदार निघाली. समनर यांनी ही वार्ता प्रथम दूरध्वनीवरून पत्नीला कळविली.

स्फटिकाचे एवढे महत्त्व का, हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. खडीसाखरेचा खडा बांधला जातो तेव्हा साखरेचे एकसारखे कण रांगेने एकमेकांशेजारी बसतात. परका पदार्थ त्या रांगेत सहसा सामावत नाही. म्हणून स्फटिक होणे ही शुद्धतेची मोठी साक्ष असते. समनर यांचे स्फटिक प्रथिनाचे होते आणि तेच विकराचे काम करीत होते. पुन्हा विरघळवून पुन्हा स्फटिक केले तरी कामाची शक्ती त्यांच्यातून निघून जात नव्हती. अर्थ उघड होता: विकर हे प्रथिनच आहे.

पण अर्थ उघड असला तरी तो मान्य होतोच असे नाही. विलस्टेटर आणि त्यांचे अनुयायी यांनी तो नाकारला. स्फटिक प्रथिनाचा असेल, पण खरे विकर त्याला चिकटून आले असेल, असे त्यांचे म्हणणे होते. येथे विलस्टेटर यांच्याविषयी एक गोष्ट सांगणे आम्हांला न्यायाचे वाटते. ते ज्यू होते. म्युनिक विद्यापीठात ज्यू विद्वानांना नेमणुकीत डावलले जाते याचा निषेध म्हणून १९२४ साली त्यांनी आपल्या अध्यासनाचा राजीनामा दिला. पुढे नाझी राजवटीत त्यांना देश सोडावा लागला आणि १९४२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. अन्यायापुढे मान न तुकविणारा हा थोर पुरुष विज्ञानाच्या या प्रश्नात मात्र चुकला. यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. बोलणारा सज्जन आहे, थोर आहे, पारितोषिकविजेता आहे, यामुळे त्याचे विधान सत्य ठरत नाही. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी हेच समजाविले होते: परंपरा, ग्रंथ वा गुरूचा मोठेपणा यांवर विसंबू नका, स्वतः पारखून पाहा.

समनर यांनी पारख पुढे चालू ठेवली. युरिएज सशांना टोचले असता त्यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार होते आणि ते प्रतिद्रव्य युरिएजला साक्याच्या रूपाने खाली बसविते, हे त्यांनी एका सहकाऱ्यासह १९३१ साली दाखविले. दरम्यान, १९३० साली, रॉकफेलर संस्थेतील जॉन नॉर्थ्रॉप यांनी जठरातील पेप्सिन हे विकर स्फटिकरूपात मिळविले. तेही प्रथिनच निघाले. त्यानंतर एकामागून एक विकरे स्फटिकरूपात हाती येऊ लागली. १९३७ साली समनर यांनी सहकाऱ्यासह गाईच्या यकृतातील कॅटॅलेज या विकराचे स्फटिक मिळविले. आता शंकेला जागा उरली नाही. १० डिसेंबर १९४६ रोजी स्टॉकहोम येथे नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग समनर यांना आणि उरलेला अर्धा नॉर्थ्रॉप व वेंडेल स्टॅन्ली यांना विभागून देण्यात आला. आदल्याच दिवशी, ९ डिसेंबरला, दिल्लीत आपल्या संविधान सभेची पहिली बैठक भरली होती.

निवृत्त झाल्यावर ब्राझीलमध्ये जाऊन विकरांच्या संशोधनाचे केंद्र उभारावे, अशी त्यांची योजना होती. ती सिद्धीस गेली नाही. कर्करोगाचे निदान झाले आणि १२ ऑगस्ट १९५५ रोजी बफेलो येथे त्यांचे निधन झाले. कुलूप प्रथिनाचे आहे हे त्यांनी सिद्ध केले. परंतु कुलपाच्या आतली रचना पाहणे त्यांच्या आयुष्यात शक्य झाले नाही. ती रचना पुढच्या पिढ्यांनी पाहिली, आणि गंमत अशी की ती पाहण्यासाठीही स्फटिकच लागले. स्फटिकावर क्ष-किरण सोडले असता ते ठरावीक दिशांनी विखुरतात आणि त्यावरून आतील अणूंच्या जागा गणिताने काढता येतात. अशा रीतीने लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली लायसोझाइम या विकराची रचना उलगडली आणि विकरातील ती कामाची खोबण मानवाने प्रथमच पाहिली. १९९५ साली एका जिवाणूतील युरिएजची रचना उलगडली, ती खुद्द कॉर्नेल विद्यापीठात, मिशिगनमधील संशोधकांच्या सहकार्याने. आणि समनर यांनी वापरलेल्या शेंगेतील युरिएजची रचना २०१० साली प्रसिद्ध झाली, ती आपल्या देशात, चेन्नईच्या मद्रास विद्यापीठातील संशोधकांकडून. पहिला स्फटिक दिसल्यापासून आठ दशकांहून अधिक काळ लोटला होता.

काय आहे त्या खोबणीत? विज्ञानाच्या भाषेत तिला सक्रिय स्थान म्हणतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. या युरिएजच्या एका माळेत ८४० मणी असतात आणि अशा सहा माळा मिळून एक रेणू होतो. ही माळ सरळ लोंबत नसते. ती स्वतःभोवती दुमडून, गुंडाळून एक ठरावीक आकार घेते. त्या घडीमुळे माळेवर एकमेकांपासून दूर असलेले मणी शेजारी येतात. ४०७ वा, ४०९ वा, ४९० वा, ५१९ वा, ५४५ वा आणि ६३३ वा असे सहा मणी एका खोबणीभोवती जमतात आणि आपल्यामध्ये निकेल धातूचे दोन अणू धरून ठेवतात. या दोन अणूंच्या मध्ये पाण्यापासून आलेला एक क्रियाशील अंश आधीच तयार बसलेला असतो.

युरियाचा रेणू लहान आहे. मध्ये कार्बन, त्याला एका बाजूस ऑक्सिजन आणि दोन बाजूंस नायट्रोजन. नुसत्या पाण्यात तो फार टिकाऊ असतो. आपोआप निम्मा फुटावयास कित्येक दशके लागतील. तो खोबणीत शिरतो तेव्हा त्याचा ऑक्सिजन एका निकेलला आणि एक नायट्रोजन दुसऱ्या निकेलला टेकतो. खोबणीच्या तोंडावरील झाकणासारखा भाग मिटतो आणि त्यावरील ५९३ वा मणी जवळ येतो. आता युरियाला हलावयास जागा नाही, आणि नेमका त्याचा कार्बन त्या तयार बसलेल्या अंशासमोर येतो. आघात होतो, बंध तुटतो, अमोनिया बाहेर पडतो, आणि उरलेला तुकडा पुढे आपणहून फुटून आणखी एक अमोनिया व कार्बन डायऑक्साइड देतो. झाकण उघडते, खोबण रिकामी होते आणि पुढच्या रेणूसाठी सज्ज राहते. हे सारे एका सेकंदात हजारो वेळा घडते. विकराविना जेवढा वेग असता त्याच्या सुमारे कोटी कोटी पट हा वेग आहे.

वाचकांनी अडकित्त्याचे उदाहरण घ्यावे. सुपारी हाताने फुटत नाही. अडकित्त्याच्या पात्यात ती नीट बसली की थोड्या जोरात फुटते, आणि अडकित्ता मात्र खर्च होत नाही. जोर वाढविला म्हणून नव्हे, तर सुपारी नेमक्या जागी, नेमक्या बाजूने धरली गेली म्हणून हे साधते. फिशर यांच्या कुलूप-किल्लीत नंतर एक दुरुस्तीही झाली. डॅनियल कोशलँड यांनी १९५८ साली दाखवून दिले की खोबण अगदी ताठर नसते. हात घातल्यावर हातमोजा जसा हाताचा आकार घेतो, तशी पदार्थ आत आल्यावर तीही थोडी बदलते. युरिएजचे मिटणारे झाकण याचीच आठवण करून देते.

येथे कोणी म्हणेल, तर मग विलस्टेटर यांचेच खरे ठरले. प्रथिन हे वाहन आणि निकेल हा स्वार. युरिएजमध्ये निकेल आहे हे १९७५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले. समनर यांना ते ठाऊक नव्हते, हे खरे. परंतु निकेलचे क्षार नुसते पाण्यात टाकले तर ते युरिएजचे काम करीत नाहीत. निकेल काढून घेतले तर प्रथिनही निष्क्रिय होते. आणि विकर तापविले तर मणीही तेवढेच राहतात, माळही तुटत नाही. फक्त घडी मोडते, शेजारी आलेले मणी पुन्हा दूर जातात आणि काम थांबते. मग काम करणारा कोण? मणी नव्हे, निकेल नव्हे, पाणी नव्हे. आणि या सर्वांहून निराळा कोणीही नव्हे. ते विशिष्ट रीतीने एकत्र येतात तेव्हा कार्य घडते. ते विखुरले की कार्य थांबते.

आमच्या वाचकांना येथे राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा संवाद आठवल्यावाचून राहणार नाही. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजे रथ नव्हे. आणि हे सारे वगळून उरणारा निराळा रथही नाही. औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनाचे नाव देताना बाबासाहेबांसमोर हीच चिकित्सक परंपरा होती, असे आम्ही मानतो. समनर बौद्ध नव्हते, आणि शेंगेच्या पिठातून धम्म सिद्ध होतो असा आमचा दावाही नाही. एवढेच म्हणावयाचे की, देहात वेगळा आत्मा शोधण्याची सवय प्रयोगशाळेतही शिरू शकते, आणि कार्यकारणाच्या कठोर तपासणीपुढे ती तेथेही टिकत नाही.

या ज्ञानाचा उपयोग आपल्या दाराशी आहे. मूत्रपिंड नीट काम करते की नाही हे पाहण्यासाठी रक्तातील युरिया तपासतात, त्या तपासणीत आजही पुष्कळ ठिकाणी युरिएज वापरतात. शेतकरी शेतात युरिया टाकतो, तो मातीतील जिवाणूंच्या युरिएजमुळे फुटतो. वर पसरलेल्या युरियातला काही अमोनिया हवेत उडून जातो, म्हणून तो मातीआड करावा असे सांगतात. जठरात व्रण करणारा एक जिवाणू याच विकराने आपल्याभोवती अमोनिया तयार करून आम्लापासून स्वतःचे रक्षण करतो. खोबणीची रचना कळली की तिला बंद करणारा रेणूही योजता येतो. अनेक औषधे विकरांवर अशाच रीतीने काम करतात.

८४० मण्यांपैकी निकेलला प्रत्यक्ष हात लावणारे मणी सहाच. मग बाकीचे निरुपयोगी म्हणावयाचे काय? ते नसतील तर हे सहा कधी एकत्र येणारच नाहीत. एखादा विद्यार्थी पुढे जातो, नाव कमावतो, त्याचे छायाचित्र स्मरणिकेत छापले जाते. त्यामागे भाकरी थापणाऱ्या मावशी, रात्री दिवे तपासणारे अधीक्षक, मजुरीतून मुलाला पाठविणारे आईबाप आणि ज्यांचे नाव कोठेच छापले जात नाही असे वर्गबंधू असतात. माजी विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.

आणि आम्ही शिक्षकांनी फोलिन यांना विसरू नये. जूनमध्ये निकाल हाती घेऊन एखादी मुलगी येईल आणि विज्ञान घेऊ का, असे विचारील. तिचे इंग्रजी कच्चे असेल, घरची स्थिती बेताची असेल. या वेळी आम्ही तिला अडचणींची यादी वाचून दाखविणार नाही. प्रयोगशाळेची किल्ली तिच्या हाती देऊ आणि ती काय करते ते पाहू.